मॉरिस मायनर आणि मिनी : आठ महिने दोन्ही चालवल्यानंतर

माझी स्वतःची गाडी १९६७ची मॉरिस मायनर १००० आहे. मेव्हणा नोकरीनिमित्त परदेशी गेल्यामुळे त्याची १९७२ची मिनी ८५० गेले आठ महिने माझ्याच दारात उभी असून, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या उपनगरात मी दोन्ही गाड्या आळीपाळीने वापरल्या. दोन्हींचे मूळ आराखडे अ‍ॅलेक इसिगोनिस यांचे आणि दोन्हींत ए-सिरीज या एकाच घराण्यातले इंजिन. मायनरमध्ये १०९८ सीसीचे, मिनीमध्ये ८४८ सीसीचे. तरीही चालवताना त्या एकाच माणसाच्या वाटत नाहीत.

मिनीत इंजिन गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडवे बसवून गिअरबॉक्स त्याच्याखाली, त्याच तेलात ठेवल्यामुळे जेमतेम ३.०५ मीटर लांबीत चार माणसे खरोखरच मावतात. गोल चौकात ती वळवण्याची मजा काही औरच आहे. मात्र दहा इंची चाके आणि स्प्रिंगऐवजी रबरी शंकू असल्याने खराब रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा कमरेला कळतो. चौदा इंची चाकांची मायनर तेच खड्डे सोसून घेते. तिचा दोष असा, की पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर अलगद जुळवणारी यंत्रणा) नसल्यामुळे रांगेत सरकताना गाडी पुरती थांबवल्याशिवाय तो कुरकुर न करता पडत नाही. ब्रेक दोन्हींना ड्रमचेच आहेत, त्यामुळे पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवावे लागते.

खरा फरक बॉनेट उघडल्यावर दिसतो. मायनरचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असून दोन्ही बाजूंना हात सहज जातो. प्लग काढून, साफ करून परत बसवेपर्यंत चहासुद्धा निवत नाही. मिनीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग, पुढच्या जाळीच्या अगदी मागे, पावसाच्या तोंडावर असतो. ऑक्टोबरात त्यातले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) साफ केल्यावर डिस्ट्रिब्युटरवरचे प्लास्टिकचे आवरण लावायला मी विसरलो आणि दुसऱ्याच दिवशी भर पावसात इंजिन दोन आचके देऊन बंद पडले. चूक सर्वस्वी माझीच होती. डिस्ट्रिब्युटरची कॅप रुमालाने कोरडी करेपर्यंत मात्र मी नखशिखांत भिजलो. मायनरलाही विसराळू मालक चालत नाही. पुढच्या चाकांच्या ट्रनियनला (चाक ज्यावर वळते त्या सांध्याला) वंगण मिळाले नाही, तर ते झिजून चाक अक्षरशः आडवे होऊ शकते. म्हणून दर महिन्याला ग्रीस गन घेऊन सांध्यांतून जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत चारही निपलमधून (ग्रीस भरण्याच्या तोंडांतून) मी नवे भरतो.

चाळीस वर्षांवरील गाड्यांना येथे रोड टॅक्स भरावा लागत नाही आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. तरी मी ती करून घेतो, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने मिनीची मागची सबफ्रेम (मागची चाके धरणारा सांगाडा) आणि मायनरचे स्प्रिंग हँगर (मागच्या स्प्रिंगा जिथे अडकवतात त्या जागा) आतून कुजतात, आणि गाडी लिफ्टवर चढल्याखेरीज ते दिसत नाही. २०२१पासून येथील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या गाड्यांना मानवत नाही, म्हणून दोन्हींत कमी इथेनॉलचे महागडे सुपर पेट्रोल भरतो.

एकच ठेवायची झाली, तर मी मायनर ठेवीन. सौ.चे मत निराळे आहे. बाजाराला जाताना ती न विचारता मिनीचीच किल्ली उचलते.