झोपाळा, परात की भरलेली बादली?

लेक साडेचार वर्षांचा असताना शर्टाच्या मागचं लेबल त्याला टोचायचं. कुकरची शिट्टी झाली की तो कान दाबून पलंगाखाली जायचा, आणि हाच मुलगा सोफ्यावरून दिवसभर धाडधाड उड्या मारायचा. अशा मुलासाठी घरी काय खेळ ठेवावा, हे ठरवताना आमच्यासमोर तीन पर्याय होते.

झोपाळ्यावर सगळ्यांचा भर असतो. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, तिला झोक्यातून खुराक मिळतो. पण झोक्या-झोक्यात फरक आहे. आजोळी नागपूरला चार साखळ्यांची बंगई आहे. ती नुसती पुढे-मागे जाते आणि त्या संथ लयीत बहुतेक मुलं निवतात. एका हुकाला टांगलेला कापडी झोका मात्र गरगर फिरतो, आणि फिरण्याने बरीच मुलं चेकाळतात. आम्ही हे रात्री आठ वाजता करून पाहिलं. पोरगा खदखदून हसला आणि साडेअकरापर्यंत जागा राहिला. फिरण्याचा परिणाम उशिरानेही दिसतो, त्यामुळे 'आवडतंय ना' एवढ्यावर जाऊ नये. पाय जमिनीवरून सुटले की घाबरणारं मूल असेल, तर बळजबरीने बसवूच नका. शिवाय भाड्याच्या घरात स्लॅबला भोक पाडायचं तर घरमालकाशी गाठ.

परातीत तांदूळ किंवा राजमा, दोन वाट्या, एक पळी: स्पर्शाचा खेळ याहून स्वस्त मिळत नाही. सुरुवात कोरड्याने करा. ओली कणीक, शाडू, चिखल नंतर. आमचा लेक रव्याला फक्त नखाने शिवायचा. रव्यात त्याची लाल एसटी पुरून ठेवली तरी तो पळीनेच उकरत बसे. कितीतरी दिवसांनी एकदा चाक दिसलं आणि हात आपसूक आत गेला. मग लगेच धुतला, तेही चाललं. दाणे नाकाकानात जातात, लहान मुलं ते गिळतातही, म्हणून जवळ बसणं आलंच. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरात आणूच नका. पोटात गेले की ते तिथेही फुगतात आणि आतडं अडतं.

तिसरा पर्याय हमालीचा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे मुलाला रोजची कामं आणि खेळ जमावेत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, त्याला 'हेवी वर्क' म्हणतात. कुंड्यांना अर्धी बादली पाणी नेणं, धुण्याची टोपली ढकलणं, कणीक मळणं. ओझ्याने स्नायू आणि सांधे यांच्यावर ताण येतो आणि आपलं शरीर कुठे आहे याची जाणीव पक्की होते. आवाजाला बिचकणारं मूल असो की सारखं आदळआपट करणारं, दोघांनाही हे सहसा मानवतं. दिवाळीचा किल्ला यात मला सर्वांत आवडतो: ज्याला चिखल नको, त्याने विटा वाहाव्यात.

म्हणून माझा कौल आधी बादलीला. दोन आठवडे करा आणि खेळानंतरच्या तासाभरात मूल कसं असतं ते कॅलेंडरवर टिपून ठेवा. परात रोज समोर ठेवा, आग्रह मात्र करू नका. पैसे झोपाळ्यावर सर्वांत शेवटी घाला, आणि तेही ऑक्युपेशनल थेरपिस्टला मूल दाखवल्यावर.

वजनदार ब्लँकेटची जाहिरात तुम्हालाही दिसत असेल. 2014 साली ऑटिझम असलेल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशा ब्लँकेटने झोप वाढली नाही. मुलांना आणि पालकांना ते आवडलं मात्र. मुळात स्पर्श, तोल, हालचाल यांच्या अशा खेळांमागे 'सेन्सरी इंटिग्रेशन' नावाची उपचारपद्धती आहे. तिचा पाया जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टने घातला, पण या पद्धतीच्या परिणामांचे पुरावे मर्यादित आहेत, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्येच पालकांना सांगायला सुचवलं होतं. त्यामुळे 'इतक्या दिवसांत फरक' असं कुणी छातीठोकपणे म्हणालं, की मी पर्स बंद करते.

कुकर अजूनही त्याचा शत्रूच आहे. कणीक मळत असला तर दोन शिट्ट्या निभावतात. तिसरीला कणकेच्या हातांनीच कान झाकून ओरडतो, "आई, बंद कर!"