गोव्यात राहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग: तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव

प्रवेशाच्या दिवसांत मी जेवढे अनुभव वाचले ते दोनच प्रकारचे होते. एक तर पहिल्या महिन्यात लिहिलेले, ज्यात कॅम्पस हिरवागार आणि सर मनमिळाऊ. नाहीतर नोकरी लागून बंगळूरला गेलेल्यांचे, ज्यांना आता कँटीनचा कडक झालेला वडासुद्धा गोड आठवतो. मधल्या काळातलं कोणी लिहीत नाही. माझं तिसरं सेमिस्टर नुकतंच संपलंय. नवलाई कधीच ओसरली आणि प्लेसमेंटचं भूत अजून मानगुटीवर बसलेलं नाही, तेव्हा हीच वेळ बरी.

कॉलेजचं नाव लिहिणार नाही. गोवा विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेज, शाखा कॉम्प्युटर, घर उत्तर गोव्यातल्या साखळी गावात, एवढं पुरे.

गोवा एवढासा, पण कॉम्प्युटर शिकायच्या जागा भरपूर. फर्मागुडीला 1967 पासूनचं सरकारी गोवा कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे 1985 साली सुरू झालेल्या गोवा विद्यापीठापेक्षाही जुनं. त्याच आवारात 2016 पासून आयआयटी गोवा तात्पुरत्या जागेत आहे. एनआयटीसुद्धा 2010 साली तिथेच सुरू झाली, आता कुंकळ्ळीला स्वतःच्या कॅम्पसमध्ये गेली. उद्घाटन फेब्रुवारी 2024 मध्ये झालं. फर्मागुडीच्या टेकडीवरच्या गोपाळ गणपतीला किती प्रवेशार्थींचे नवस ऐकावे लागले असतील, कल्पना करा. झुआरीनगरला बिट्स पिलानीचा कॅम्पस 2004 पासून. खासगी म्हणाल तर वेर्णा, फातोर्डा, शिरोडा, आसगाव.

प्रत्येकाची वाट वेगळी. आयआयटीला जेईई अॅडव्हान्स्ड, आणि तिथे राज्याचा कोटा नाही. घर फोंड्यात असलं तरी स्पर्धा थेट राजस्थानच्या कोटा शहरात राहून तयारी केलेल्यांशी. एनआयटीला जेईई मेन आणि जोसाच्या, म्हणजे देशपातळीवरच्या जागावाटपाच्या फेऱ्या, पण निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, ही गोव्याच्या मुलांना मोठीच सवलत. संलग्न कॉलेजांना जेईई मेनचाच स्कोअर, फेऱ्या मात्र पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या. बिट्सला त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा, बिटसॅट. तिथे एमएस्सीला प्रवेश घेऊन पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर (गुणांच्या सरासरीवर) दुसरी पदवी कॉम्प्युटरची मिळवायचीही सोय आहे. पण चार वर्षांचा खर्च वीस लाखांच्या वर जातो हे कळल्यावर बाबांनी माहितीपत्रक घडी घालून टीव्हीखाली ठेवलं. विषय संपला.

माझ्यापुढे खरा पेच वेगळाच होता. जेईई मेनच्या स्कोअरवर राज्याच्या कोट्यातूनही एनआयटीत कॉम्प्युटर मिळत नव्हतं, दुसरी शाखा मिळत होती. संलग्न कॉलेजात कॉम्प्युटर मिळत होतं. मोठं नाव की हवी ती शाखा? आमच्याकडे या प्रश्नावर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधीपासून चर्चा, आणि गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधताना काकांनी पुन्हा तोच विषय काढला, तोवर प्रवेश होऊन कॉलेज सुरूही झालं होतं. काकांचं म्हणणं, नाव जन्मभर पुरतं. मावसभावाने नेमकी तीच वाट धरली: एनआयटी, पण इलेक्ट्रॉनिक्स. तो खूश आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच्या वर्गातली बरीच मुलं कोडिंग करतातच आणि सॉफ्टवेअर कंपन्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाही मुलाखतीला बसू देतात. फक्त त्याला सिग्नल्स आणि सर्किट्स सांभाळून डेटा स्ट्रक्चर्स स्वतःच्या वेळात शिकावं लागतं. मला तेच कॉलेजच्या वेळेत मिळतं. ज्याला इलेक्ट्रॉनिक्सचा कंटाळा नाही त्याने त्याची वाट बेलाशक धरावी. मला होता.

आता मुद्द्याचं. कॉलेज निवडताना आम्ही फी पाहिली, शिक्षक पाहिले, रँकिंग पाहिलं, हॉस्टेलचं जेवणसुद्धा विचारलं. एक गोष्ट कोणीच मोजली नाही: दिवसाकाठी माझ्या हातात माझे स्वतःचे तास किती उरतील? तीन सेमिस्टरनंतर माझं ठाम मत झालंय की कॉम्प्युटरच्या पदवीत हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्याच्यापुढे दुय्यम.

पहिलं सेमिस्टर मी घरून जाऊन-येऊन केलं. सकाळी साखळीहून पणजीची बस, पणजीच्या स्टँडवर बदलून पुढची. मागून कंडक्टर ‘फुडें चल, फुडें चल’ करत सगळ्यांना दाबतोय, पाठीवर लॅपटॉप, एका हातात ड्रॉइंगची गुंडाळी. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत दिवेलागण. पावसात रस्ता तुंबला की त्याहून उशीर. जेवून लॅपटॉप उघडायचा तर डोळे मिटायला लागायचे. हजेरीला 75 टक्क्यांचं बंधन, त्यामुळे दांडी मारून घरी बसून कोड लिहायचीही सोय नाही. पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं, गणित, भौतिकी, इंजिनिअरिंग ड्रॉइंग, म्हणून ते निभावलं. दुसऱ्या सेमिस्टरपासून आम्ही तिघींनी कॉलेजजवळ खोली भाड्याने घेतली. आईचा जीव खालीवर झाला, पण घरमालकीण काकू रात्री नऊला फाटकाला कुलूप लावतात हे कळल्यावर ती शांत झाली.

त्या खोलीचं भाडं हा माझ्या शिक्षणातला सगळ्यात कामी आलेला खर्च. का, ते एका उदाहरणाने सांगते. डेटा स्ट्रक्चर्सच्या लॅबमध्ये लिंक्ड लिस्ट होती, सी भाषेत: नोड म्हणजे माहितीचा खण, आणि प्रत्येक नोडमध्ये पुढच्याचा पत्ता. मधला नोड काढला की प्रोग्राम बरोबर चालायचा. पहिला नोड काढला की कधी बरोबर उत्तर, कधी स्क्रीनभर कचरा, कधी सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रामच कोसळलेला. तीनदा तेच चालवावं आणि तीनदा वेगळं यावं, म्हणजे भुताटकीच! तेवढ्यात लॅबची वेळ संपली. आमच्याकडे लॅब साडेचारला बंद होते, अटेंडंटदादा किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभे राहतात, आणि मशीन बंद केलं की त्यावर सेव्ह केलेलं सगळं उडतं. मी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि खोलीवर येऊन कागदावर चौकोन काढत बसले. बऱ्याच वेळाने ट्यूब पेटली: फंक्शनला हेड पॉइंटरची, म्हणजे पहिल्या नोडच्या पत्त्याची, प्रत जाते. फंक्शन आतल्या आत आपली प्रत पुढे सरकवतं, पण मेनमधला हेड अजून त्या फ्री केलेल्या जागेकडेच बोट दाखवून उभा असतो. ती मेमरी अजून कोणी वापरली नसेल तर उत्तर बरोबर दिसतं, वापरली असेल तर कचरा. उपाय म्हणजे पॉइंटरचाच पत्ता पाठवायचा, डबल पॉइंटर. हे सरांनी वर्गात सांगितलं होतंच, माझ्या वहीतही होतं. डोक्यात शिरलं ते रात्री साडेदहाला. पहिल्या सेमिस्टरसारखी मी बसमध्ये पेंगत असते तर दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा चालणारा प्रोग्राम उतरवून जर्नलमध्ये चिकटवला असता, सही मिळाली असती आणि डबल पॉइंटर आजही माझ्यासाठी परीक्षेतला एक प्रश्न राहिला असता.

जर्नलवरून आठवलं. प्रोग्राम चालो न चालो, आउटपुटची प्रिंट काढून, मार्जिन आखून, उद्देश आणि निष्कर्ष हाताने लिहून सही घ्यावी लागते. कॉम्प्युटर शाखेत सर्वाधिक वापरलं जाणारं साधन आमच्याकडे अजून डिंक आहे.

तक्रारी आणखीही आहेत. एक विषय शिकवणाऱ्या मॅडम सेमिस्टरच्या मध्यात सोडून गेल्या आणि पुढचे काही आठवडे तो तास रिकामाच राहिला. मग घाईघाईत स्लाइड वाचून पोर्शन पूर्ण. लॅबचे निम्मे माउस अडतात. ग्रंथालयात पुस्तकं आहेत, पण ज्या आवृत्तीची नावं अभ्यासक्रमात आहेत ती नाहीत. याउलट दोन शिक्षक असे आहेत की वर्ग संपल्यावरही व्हरांड्यात उभं राहून शंका सोडवतात, आणि वर्ग लहान असल्यामुळे त्यांना प्रत्येकाचं नाव माहीत आहे. मोठ्या संस्थेत हे मिळालं असतं का, शंका आहे.

रँकिंगबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांचा त्यावर फार जीव. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगच्या इंजिनिअरिंगच्या यादीत 30 टक्के गुण संशोधनाला आणि 10 टक्के लोकांच्या मनातल्या प्रतिमेला असतात. पीएचडी करणाऱ्याला ते महत्त्वाचं. साडेचारला बंद होणारी लॅब त्यात कुठे दिसत नाही. त्यापेक्षा कामाची गोष्ट अशी की यात भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलं नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मध्यक पगार किती, हे भरून द्यावं लागतं, आणि ती माहिती पाहता येते. फलकावर छापलेलं सर्वोच्च पॅकेज एका मुलाचं असतं. मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार, आणि आपण बहुतेकजण त्याच्याच आसपास असणार आहोत. तसंच नॅक आणि एनबीएची गल्लत करू नका. दोन्ही मानांकनंच, पण नॅक अख्ख्या संस्थेला, एनबीए त्या त्या शाखेला. कॉलेजच्या फाटकावर एनबीए लिहिलेलं असेल तर विचारा, कॉम्प्युटरला आहे की मेकॅनिकलला, आणि मुदत कधी संपते.

शाखेच्या नावांचाही सध्या सुकाळ आहे. कॉम्प्युटर, आयटी, एआय आणि डेटा सायन्स. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या एआयसीटीईने 2024-25 पासून चांगल्या संस्थांवरची जागांची कमाल मर्यादा काढून टाकली, तेव्हापासून देशभर या शाखांच्या जागा फुगल्यात. नाव काहीही असो, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम समोर ठेवून बघा: डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हे चार विषय नीट असतील तर नावावर डोकेफोड नको. संलग्न कॉलेजात हा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं. कॉलेज स्वायत्त असेल तर ते स्वतः ठरवतं, मग तुमच्या बॅचला कोणता लागू होणार ते प्रवेशाआधीच विचारून घ्यायला हवं.

माझी बालमैत्रीण घराजवळच्या कॉलेजात बीसीए करते. आमच्या वाड्यात याला अजून दुय्यम समजतात. पण तिच्या हातात माझ्या पहिल्या सेमिस्टरच्या दुप्पट वेळ होता आणि वेब डेव्हलपमेंटमध्ये ती आज माझ्या पुढे आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. बीसीएसुद्धा 2024-25 पासून एआयसीटीईच्या कक्षेत आलंय, आणि पुढे दोन वर्षांचं एमसीए ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठातच करता येतं. ज्याला इंजिनिअरिंगचं भौतिकी आणि ड्रॉइंग नको, आणि बाहेर खोली घ्यायला पैसे नाहीत, त्याने ही वाट कमी लेखू नये. मैत्रिणीला एकच अडचण येते: काही कंपन्यांच्या अर्जात बीई-बीटेकच लागतं.

पैशांचं थोडक्यात. सरकारी कॉलेजची फी खासगीपेक्षा बरीच कमी, तिथे मिळत असेल तर दुसरा विचार करायची गरज नाही. खासगीत उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफीच्या योजनेत मोजक्या जागा असतात. अर्जाच्या वेळीच तो पर्याय भरावा लागतो. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, माझं त्यावरच चाललंय. कागदपत्रांसाठी मामलेदार कचेरीत बारावीच्या निकालाआधीच जा, निकालानंतर तिथे जत्रा भरते.

कॉलेज बघायला जाणार असाल तर सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा सगळीच कॉलेजं चांगली दिसतात. पावणेपाचला जा. लॅबला कुलूप आहे का, मुलं कुठे बसलीत, त्यांच्या लॅपटॉपवर कोड आहे की क्रिकेट, आणि शेवटची बस किती वाजता सुटते, ते बघा. आम्हाला माहितीपत्रकातून कळलं नाही ते सगळं तिथे कळतं.

तारे द्यायचेच तर शाखेला पाचपैकी साडेचार, कॉलेजला तीन, भाड्याच्या खोलीला पूर्ण पाच. लॅब रात्री आठपर्यंत उघडी ठेवावी म्हणून आम्ही वर्गातर्फे अर्ज दिलाय. तो मंजूर झाला तर कॉलेजचा चौथा तारा मी स्वतः येऊन वाढवेन.