डिझाइन शिकायला लॅपटॉप: पैसे स्क्रीनवर घातले, ग्राफिक कार्डावर नाही

गेल्या पावसाळ्यात, कॉलेज सुरू व्हायच्या तोंडावर लॅपटॉप घेतला. आता एप्रिलचं ऊन डोक्यावर आहे. मधे सबमिशनचे दोन हंगाम येऊन गेले, बऱ्याच रात्री जागून झाल्या, आणि ज्युनियर मंडळींचे 'ताई, कुठला घेऊ?' असे मेसेज सुरू झालेत. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

कंपनी आणि मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. बाहेर नाव तेच ठेवून आतला माल बदललेला असतो, एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांत स्क्रीनसुद्धा वेगळी निघते. नाव पाठ करून दुकानात गेलात तर फसाल. माझ्याकडे काय आहे ते सांगते: १४ इंची आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) स्क्रीन, १९२० बाय १२००, १०० टक्के एसआरजीबी (पडद्यावरच्या रंगांचा प्रमाणित संच), एच मालिकेतला, म्हणजे जास्त ताकदीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. वेगळं ग्राफिक कार्ड (चित्राचं काम करणारी स्वतंत्र चिप) नाही. बाबांनी ७० हजारांची मर्यादा घातली होती, त्यात बॅगेसकट बसलं.

ग्राफिक कार्ड नाही म्हटल्यावर भुवया उंचावतात, त्यामुळे आधी तेच. नाशिकात एम. जी. रोडपासून कॉलेज रोडपर्यंत दुकानं पालथी घातली, तेव्हा जवळजवळ सगळीकडे एकच वाक्य कानावर पडलं: "ताई, ग्राफिक डिझाइन म्हणजे ग्राफिक कार्ड पाहिजेच." आणि समोर एक जाडजूड गेमिंग लॅपटॉप उघडून ठेवायचे. कीबोर्डखाली रंगीत दिवे, आत आरटीएक्स ३०५० कार्ड, ऐकायला झकास. मग स्पेसिफिकेशनच्या कागदावर खाली बारीक अक्षरात स्क्रीनचं कलम वाचायचं: ४५ टक्के एनटीएससी (रंग मोजायची दुसरी, जुनी पट्टी). याचा अर्थ ती स्क्रीन एसआरजीबीतले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवू शकते. गेम खेळताना त्याचं कुणाला काही वाटत नाही. रंग शिकायला बसलेल्या माणसाला मात्र तिसरा हिस्सा रंग दिसतच नाहीत.

याचा प्रत्यय पॅकेजिंगच्या असाइनमेंटला आला. विषय नाशिकला शोभेल असाच, निर्यातीच्या द्राक्षपेटीचं लेबल. माझी आणि मैत्रिणीची फाइल एकच होती, कारण काम जोडीनं होतं. तिच्याकडे वर सांगितलेल्या जातीचा गेमिंग लॅपटॉप. दोन्ही मशीन शेजारी ठेवली तर माझ्याकडे लेबलावरची पट्टी लालभडक, तिच्याकडे विटकरीकडे झुकलेली. काळ्या द्राक्षांच्या जांभळ्यात मी तीन छटा ठेवल्या होत्या, तिच्या स्क्रीनवर त्यांतल्या दोन एकमेकींत मिसळून गेल्या. ती बिचारी रंग वाढवत बसली आणि तिची फाइल माझ्याकडे उघडली की डोळ्यांवर यायची. शेवटी रंगाचं सगळं काम माझ्याकडे आणि थ्रीडी पेटीचं रेंडर (अंतिम चित्र तयार करणं) तिच्याकडे, अशी वाटणी झाली. त्या रेंडरमध्ये तिचं कार्ड माझ्या मशीनला कुठल्या कुठे मागे टाकतं, हेही सांगायला हवं. ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) हा तुमच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग असेल तर माझा सल्ला बाजूला ठेवा, कार्ड घ्याच. पण तेव्हाही स्क्रीनचं कलम वाचा.

चांगली स्क्रीन घेतली म्हणजे छपाईत तोच रंग येईल, असं मात्र समजू नका. स्क्रीन उजेडाचे तीन रंग मिसळते, प्रेस शाईचे चार: सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा आणि काळा, यालाच सीएमवायके म्हणतात. भडक निळा, पोपटी, झगझगीत केशरी हे शाईत मावत नाहीत. मी पहिल्याच पोस्टरला गडद निळा ठेवला होता. प्रेसमधल्या काकांनी फाइल पाहताच सांगितलं, "हा जांभळा पडणार. सायनच्या मानानं मॅजेंटा खाली आण." आणला, निळा निळाच राहिला. नोटा छापणाऱ्या गावात राहतो आपण, छपाईची अक्कल गल्लीबोळात आहे, विचारली की मिळते. लॅपटॉपचं काम एवढंच की तुम्ही केलेला बदल तुम्हाला नीट दिसावा.

प्रेसचा विषय निघालाच आहे तर कोरलचं (कोरलड्रॉ, डिझाइनचं सॉफ्टवेअर) सांगते. कॉलेजात अडोबीचं इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन शिकवतात, पण फ्लेक्स, पत्रिका, स्टिकर करणारी इथली बरीच दुकानं अजून कोरलड्रॉवर चालतात, तीही जुन्या आवृत्तीवर. "कर्व्ह करून आणा आणि खालच्या व्हर्जनला सेव्ह करा" हे वाक्य दुसऱ्या वर्षापर्यंत तोंडपाठ होतं. कर्व्ह म्हणजे अक्षरांचं आकारांत रूपांतर, मग समोर फॉन्ट नसला तरी अडत नाही. विंडोज मशीन घेण्यामागं माझं हे एक कारण होतं. मॅकसाठीही कोरल २०१९ पासून पुन्हा मिळतं, त्यामुळे ते अडतं असं नाही, पण प्रेसमध्ये जे चालतं तेच आपल्याकडे असलं की खेपा वाचतात. जुन्या मजकुराचंही तसंच. श्रीलिपीत (मराठी टायपिंगची जुनी, युनिकोडच्या आधीची पद्धत) टाइप केलेली फाइल आली आणि तो फॉन्ट आपल्याकडे नसला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसते. अशा वेळी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या संकेतांत, फिरवून घ्यावा लागतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी नव्या मशीनवर आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करायचं आणि परिच्छेदाच्या पॅनेलमधून दक्षिण आशियाई कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडायचा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. माझी चाचणी ठरलेली आहे: 'त्र्यंबकेश्वर' आणि 'सिंहस्थ' टाइप करून बघते. २०२७ च्या सिंहस्थावर आमच्याकडे पोस्टरची मालिका आहे, त्यामुळे हे दोन शब्द रोजचेच झालेत. पहिल्यातला 'त्र्यं' नीट जुळला आणि दुसऱ्यातली वेलांटी जागेवर बसली की पुढचं काम सुरू. १६ बाय १० आकाराची स्क्रीन इथंही कामाला येते. उभ्यात थोडी जागा जास्त मिळते, पोस्टर पाहताना सारखं वर-खाली करावं लागत नाही.

आता रॅम. ८ जीबीत 'चालतं' म्हणणारे बहुतेक वेळा बारा पानी ब्रोशरवर बोलत असतात. फ्लेक्सचा हिशोब करून बघा. १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स, मूळ मापात, ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके). म्हणजे ८६४० बाय ५१८४ पिक्सेल, साडेचार कोटींच्या आसपास. सीएमवायकेत एका पिक्सेलला चार बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेयर जवळजवळ १८० एमबी. शिवजयंतीच्या बॅनरला पार्श्वभूमी, किल्ला, धूर, ढोलपथकाचा फोटो, वर पोत असे दहा लेयर सहज होतात, म्हणजे पावणेदोन जीबी फक्त चित्राचे. त्यावर फोटोशॉपची हिस्ट्री, उघडं ब्राउझर, आणि वेगळं कार्ड नसल्यामुळे ग्राफिक्सही त्याच रॅममधून आपला वाटा उचलणार. रॅम संपली की फोटोशॉप एसएसडीवर लिहायला लागतं आणि प्रत्येक ब्रश मागून ओढत येतो.

माझ्या मशीनमध्ये ८ जीबी बोर्डालाच डकवलेली आणि एक स्लॉट रिकामा होता. त्यात घेतानाच ८ जीबीची पट्टी टाकून घेतली, तीही त्याच दुकानात, म्हणजे वॉरंटीवरून नंतर वाद नको. सगळी रॅम डकवलेली आणि एकही स्लॉट नाही अशी मशीन हल्ली बरीच येतात. तसं घेणार असाल तर पहिल्याच दिवशी १६ हवी, नंतर काही करता येत नाही.

तक्रारी आहेतच. सगळ्यात चमत्कारिक अनुभव बॅटरीचा. एके दिवशी दुरुस्तीच्या नावाखाली सिडकोत वीज गेली, मी बॅटरीवर हळदीकुंकवाच्या पाकिटाचं काम करत बसले. हळदीचा पिवळा फिकट वाटला म्हणून वाढवला, आणखी वाढवला. वीज आल्यावर चार्जर लावला तर पडद्यावर पिवळ्याचा नुसता भडका. बॅटरी वाचवण्यासाठी ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग चालूच येतं, ते चार्जर काढला की आपोआप रंग आणि कॉन्ट्रास्ट बदलतं. शोधून बंद केलं, तेव्हापासून त्रास नाही. विंडोजचा नाइट लाइटही (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) रंगाच्या कामात बंदच हवा.

पंखा मोठ्यानं फिरतो. लायब्ररीत एक्स्पोर्ट लावलं की लोक वळून बघतात. उन्हाळ्यात दुपारी मनगटाखालची जागा तापते, मी खाली स्टँड लावते. टचपॅडचा डावा कोपरा काही महिन्यांतच अडकायला लागला. सर्व्हिस सेंटरनं पार्ट मागवायला इतका वेळ लावला की तोवर माउसचीच सवय झाली. घेण्याआधी कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नाशिकात आहे की मशीन मुंबई-पुण्याला पाठवतात, हे विचारा. घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी थोडे पैसे जास्त देऊन मिळत असेल तर घ्या. स्पीकर बेताचे. १४ इंचात इलस्ट्रेटरची सगळी पॅनेलं उघडली की कामाला जागा चिमूटभर उरते, म्हणून घरी मामाचा जुना मॉनिटर जोडला आहे. त्यावर फक्त पॅनेलं ठेवते, रंग बघायला लॅपटॉपच.

वजनाच्या बाबतीत मात्र सुखी आहे. सिडकोहून गंगापूर रोडला सिटीलिंक बसच्या गर्दीत उभं राहून जायचं, पाठीवर ड्रॉइंगचं सामान वेगळं. गेमिंगवाल्यांचा नुसता चार्जरच विटेएवढा. माझा ६५ वॉटचा टाइप-सी, फोनही त्यावरच चालतो.

ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारी) स्क्रीन दुकानात पाहिली होती. काळा रंग असा की नजर हटत नाही. पण त्यात एकाच जागी तासन् तास राहणाऱ्या टूलबारचा डाग उमटण्याची शक्यता असते, आणि कमी उजेडात काहींचे डोळे दुखतात. फोटो-व्हिडिओवाल्यांनी जरूर विचार करावा, मला आयपीएस बरी वाटली. वर्गात मॅकबुक एअरवाले चार-पाच जण आहेत. बॅटरी उत्तम, पंखाच नाही, स्क्रीन चांगली. २०२४ च्या शेवटापासून त्यातही किमान १६ जीबी रॅम येते, त्यामुळे जुना मोठा आक्षेप गेला. बजेट तिथवर जात असेल आणि थ्रीडी नसेल तर मी अडवणार नाही. टचस्क्रीनवर मात्र पैसे घालू नका, चित्र काढायला साधा पेन टॅब्लेट कितीतरी स्वस्तात येतो आणि मान वाकवावी लागत नाही.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर आपली फाइल न्या: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी, भडक लाल चौकोन, आठ पॉइंटातला मराठी परिच्छेद. ब्राइटनेस पूर्ण करून, तीन-चार मशीनवर तीच फाइल. डेमो व्हिडिओ बंद करायला सांगा, त्यात सगळ्याच स्क्रीन सुंदर दिसतात.

सॉफ्टवेअरचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. अडोबीचा विद्यार्थी दर पहिल्या वर्षी कमी असतो आणि पुढे वाढतो. पुढच्या सेमिस्टरला आफ्टर इफेक्ट्स (हलत्या ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर) सुरू होतंय. त्याची किमान गरजच १६ जीबी आहे, म्हणून सुट्टीत स्लॉटमधली ८ ची पट्टी काढून १६ ची टाकणार आहे. एकूण २४ होतील. निघणारी ८ ची पट्टी चालू स्थितीत आहे, डीडीआर५, कुणाला हवी असेल तर कळवा.