हजार वर्षांसाठी काय निवडावं: दगड, ताम्रपट, कागद की डिस्क?

सांगलीत घरची वंशावळ, इनामाचे कागद किंवा देवस्थानाचा इतिहास दूरच्या पिढ्यांसाठी ठेवायचा असेल, तर आधी महापुराचा विचार करा. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा लोकांच्या घरांत शिरली. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हा तळमजल्यावरचं कपाट बाद.

हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्हही मूळ प्रत म्हणून बादच. हार्ड डिस्क काही वर्षांत बदलावी लागते आणि पेन ड्राइव्हमध्ये माहिती धरून ठेवणारा विद्युतभार हळूहळू गळतो. हजार वर्षांचा दावा करणाऱ्या डिस्क मिळतात, पण त्या वाचणारा ड्राइव्ह आजच्या लॅपटॉपमध्येसुद्धा नसतो.

खरी चुरस दगड, तांबं आणि कागद यांच्यात आहे. तांब्याला पूर किंवा वाळवी काही करू शकत नाही. चालुक्यांचे ताम्रपट आजही वाचता येतात. मात्र तांब्याला मोडीचा भाव मिळतो, आणि अडचणीत आलेला वारस पत्रा विकू शकतो. बसाल्टच्या शिळेला कुणी भंगारात घेत नाही, म्हणून मला तीच जास्त भरवशाची वाटते. कराडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांमधले ब्राह्मी लेख सुमारे दोन हजार वर्षं टिकले आहेत.

पण टिकणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. मधल्या काळात ब्राह्मी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, तिथे दान दिल्याची नोंद असावी, या तर्कावरून इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ती लिपी उलगडली. मोडी लिपीचं तर आपल्या डोळ्यांदेखत झालं: आजोबांनी लिहिलेलं दप्तर नातवंडांना वाचता येत नाही. म्हणून मजकूर देवनागरीत आणि शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या लिपीतही कोरून घ्या.

शिळेवर मोजक्याच ओळी मावतात. दोनशे पानांचं दप्तर असेल तर कागदच हवा, तोही आम्लविरहित किंवा चिंध्यांपासून केलेला. साध्या इंकजेटची शाई पाण्यात फुटते, लेझरची छपाई बरीच तग धरते. कागदांच्या बारीक आकारातल्या प्रतींसाठी काळी-पांढरी मायक्रोफिल्म उत्तम: वाचायला भिंग आणि उजेड पुरतो, पण तिला थंड, कोरडी जागा लागते आणि ती आपल्या हवेत फुकट मिळत नाही.

मी असं करेन: वंशावळीचा गाभा बसाल्टवर, पूररेषेच्या वर, पूर्ण दप्तर लिप्यंतरासह कागदावर, एक प्रत सांगलीत आणि दुसरी साताऱ्यात उंचावर राहणाऱ्या नातलगांकडे. स्कॅन जरूर करा, पण ते रोजच्या वापरासाठी.