डिझेल जनरेटरची चाचणी: ठरलेल्या मुदतीने की जोखीम पाहून?

अणुवीज केंद्राचा बाहेरचा वीजपुरवठा तुटला की आपत्कालीन डिझेल जनरेटरने काही सेकंदांत भार उचलायचा असतो. त्याची ठरावीक मुदतीची, बहुधा दरमहा होणारी चाचणी नियामकाला तपासायला सोपी, पळवाटा कमी. पण थंड इंजिन एकदम पूर्ण वेगात नेलं की वंगण नीट पोचायच्या आतच बेअरिंग झिजू लागतात. म्हणूनच अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने १९८४ मध्ये असे थंड, झटपट स्टार्ट कमी करण्याचा आग्रह धरला.

जोखमीनुसार, म्हणजे बिघाडाची शक्यता आणि त्याचे परिणाम पाहून, मुदत ठरवली तर चाचण्यांमधलं अंतर वाढवता येतं आणि ही झीज घटते. मात्र अंतर वाढलं की लपलेला बिघाडही जास्त काळ लपून राहतो. बिघाडांच्या नोंदी चोख असतील तरच मी हा मार्ग निवडेन. नसतील तर महिन्याची चाचणी अजिबात सोडू नये.