सान व्हान कॅपिस्ट्रानोतलं जुनं घर : अकरा महिन्यांनंतर

खिडक्यांबद्दल आधी सांगते, कारण या अकरा महिन्यांत सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच घेतला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या या गावात, १७७६ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश मिशनपासून, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या ठाण्यापासून, दहा मिनिटांच्या चालीवर, आम्ही १९२०च्या दशकातलं लाकडी घर घेतलं. खिडक्या वरखाली सरकणाऱ्या. चौकटीच्या पोकळीत दोरीला लोखंडी वजन टांगलेलं असतं, त्यामुळे तावदान हवं तिथे थांबतं. पहिल्याच आठवड्यात बैठकीतली दोरी तुटली आणि तावदान धाडकन खाली आलं. कंत्राटदार म्हणाला, सगळ्या काढून नव्या प्लास्टिकच्या बसवू. पण घर शहराच्या ऐतिहासिक यादीत आहे, दर्शनी बाजूला असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. हे एजंटने व्यवहार होईपर्यंत स्पष्ट सांगितलं नव्हतं, याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी एका वयस्कर सुताराने पट्टी उचकटली, आतला कप्पा उघडला आणि नवी सुती दोरी ओवून दिली. वजन तेच, काचही तीच, जुनी, किंचित लहरींची. उन्हं कलली की तिच्यातून समोरचं संत्र्याचं झाड पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. ही काच मी आता कुणाला काढू देणार नाही.

घराच्या कराचा हिशेब शेजाऱ्याच्या बिलावरून करू नका. कॅलिफोर्नियात मतदारांनी १९७८ साली मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ या नियमानुसार कर आपल्या खरेदीच्या किमतीवर बसतो. मूळ दर १ टक्का, आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. जुन्या घरांसाठी १९७२चा मिल्स अ‍ॅक्टही आहे. घर नीट राखण्याचा किमान दहा वर्षांचा करार शहराशी केला, तर कर कमी होतो, आणि घर विकलं तरी करार नव्या मालकाकडे जातो. म्हणून घर बघतानाच विचारा, करार झालाय का.

विम्याकडे मात्र नीट लक्ष द्या. घराच्या नेहमीच्या विम्यात भूकंप येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. आमचं घर पायाला बोल्टने जखडलेलंही नव्हतं. ते काम रंगरंगोटीच्या आधी करून घेतलं. मिशनच्या आवारातलं दगडी चर्च बघितल्यावर यात चालढकल करवत नाही. नऊ वर्षं खपून १८०६ साली पुरं झालेलं ते चर्च ८ डिसेंबर १८१२च्या भूकंपात, प्रार्थना चालू असतानाच कोसळलं. सुमारे चाळीस माणसं गेली, बहुतेक इथल्या मूळच्या आहाचेमेन समाजाची. ज्यांच्या कष्टाने ते उभं राहिलं, त्याच समाजाची. आपण घर घेतलं ती जमीन आधी कुणाची होती, हा विचार तिथे उभं राहिलं की येतोच, आणि यावा.

मार्चमध्ये पाकोळ्या आल्या. १९ मार्चला, संत जोसेफच्या दिवशी, गाव त्यांचं स्वागत करतं. एका जोडीने आमच्या वळचणीखाली चिखलाच्या गोळ्या एकावर एक चिकटवत सुरईसारखं घरटं बांधलं. अंडी-पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावायला १९१८पासून कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी आम्ही लावला नसता. रंगाऱ्याला सप्टेंबरची तारीख दिली आहे.