जी-फ्लेक्स 650: ओकच्या कीलसाठी जरूर घ्या, सगळ्या होडीसाठी नको

घरी लाकडी होडी बांधताना एकाच डब्यातलं इपॉक्सी (रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर मिसळून बनणारा गोंद) सगळीकडे वापरून मोकळं व्हावंसं वाटतं. कीलच्या, म्हणजे होडीच्या तळाशी मधोमध लांबीने जाणाऱ्या कण्याच्या, बाबतीत मी तसं केलं नाही. बाकी होडीला वेस्ट सिस्टिमचं नेहमीचं 105 रेझिन वापरलं आणि कीलसाठी त्याच कंपनीचं जी-फ्लेक्स 650 वेगळं आणलं. होडी 15 फुटी, प्लायवूडच्या फळ्या एकीवर एक चढवलेली, एका शिडाची, मधे सेंटरबोर्ड, म्हणजे पाण्यात खाली सोडता आणि वर उचलता येणारी फळी. इथे मेरीलँडमध्ये चेसापीकच्या खाडीकाठी ती वाळूवर ओढली जाते, रॅम्पच्या काँक्रीटला घासते आणि हिवाळाभर गॅरेजात कोरडी पडून असते. एवढं सगळं सोसून कीलचा एकही जोड उघडलेला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कीलला मी व्हाइट ओक घेतला. रेड ओक स्वस्त मिळतो, पण त्याच्या नळ्या मोकळ्या असतात आणि त्यातून पाणी थेट आत चढतं. व्हाइट ओकच्या नळ्या नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असतात. लाकूड जड आणि कणखर असतं, स्क्रू घट्ट धरतं. अडचण चिकटवण्याची आहे. ओक दाट असतो, त्यात टॅनिन हे आम्लधर्मी द्रव्य भरपूर असतं आणि ऋतूप्रमाणे तो चांगलाच फुगतो-आकसतो. नेहमीचं इपॉक्सी सुकल्यावर ताठ होतं. लाकूड हललं की सगळा ताण जोडाच्या रेषेवर येतो. जी-फ्लेक्स मुद्दाम थोडं लवचिक आणि चिवट बनवलेलं आहे. लाकडाबरोबर ते जरासं देतं, पण सोडत नाही. ओकसाठी आणि सागवानासारख्या तेलकट लाकडांसाठी माझ्या मते त्याला तोड नाही.

वापरायला ते अगदी सोपं. रेझिन आणि हार्डनर समान मापाने घ्यायचं. 105 ला 205 किंवा 206 हार्डनर 5 ला 1 लागतो, त्यामुळे पंपाशिवाय थोडंसं मिश्रण करणं जिकिरीचं होतं. इथे दोन चमचे आणि एक कप पुरतो. 22 अंशांच्या आसपास कपातलं मिश्रण पाऊण तास टिकतं. ते लाकडावर पसरलं की जोड बसवायला, सरकवायला, क्लॅम्प लावायला तासाभराहून जास्त वेळ मिळतो. लांब कील एकट्याने चिकटवणाऱ्याला हा वेळ फार मोलाचा आहे. थंडीत, 4-5 अंशांपर्यंतसुद्धा, ते हळूहळू का होईना पण सुकतं. कोकणातल्या उन्हाळ्यात कोणी वापरणार असेल तर पहाटे काम करावं आणि मिश्रण कपात न ठेवता पसरट ताटलीत ओतावं. खोल कपात ते स्वतःच्याच उष्णतेने लवकर आवळतं.

माझी पद्धत सांगतो. लाकडातली ओल 12 टक्क्यांच्या खाली असू द्यावी. रंध्याने गुळगुळीत केलेला पृष्ठभाग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करावा आणि धूळ पूर्ण काढावी. आधी काहीही न मिसळलेलं जी-फ्लेक्स दोन्ही बाजूंना चोपडून लाकडाला पिऊ द्यावं. मग उरलेल्यात कोलॉयडल सिलिका (इपॉक्सी घट्ट करणारी बारीक पूड) मिसळून ते मधासारखं घट्ट करून लावावं. क्लॅम्प आवळताना कडेने बारीक रेघ बाहेर आली की थांबावं. सुतारकामाच्या नेहमीच्या गोंदाला जोर लावून आवळायची सवय असते, इपॉक्सीला ती चालत नाही. सगळं इपॉक्सी बाहेर येऊन जोड कोरडा पडतो. चोवीस तास हात लावू नये.

खरी परीक्षा सेंटरबोर्डच्या फटीची असते. ही फट कीलमधूनच आरपार जाते. होडी पाण्यात असेपर्यंत तिथे पाणी असतं, आणि बोर्ड ज्यात वर सरकतो ती पेटी एकदा बसली की आत ब्रशही जात नाही. म्हणून पेटीच्या आतल्या बाजू जोडण्याआधीच काचकापड (फायबरग्लासचं कापड) लावून, त्यावर इपॉक्सीचे थर देऊन, रंगवून घ्याव्यात. पेटी आणि कील यांचा जोड मात्र जी-फ्लेक्सचाच हवा, कारण बोर्ड कशाला आपटला की धक्का नेमका तिथे बसतो.

दुसरी जागा स्क्रूच्या भोकांची. कीलच्या तळाला घासपट्टी लावतात. तिच्या प्रत्येक स्क्रूबरोबर लाकडात पाण्याची एक वाट तयार होते. मी भोकं मोठी पाडली, जी-फ्लेक्सने भरली, आणि सुकल्यावर त्याच ठिकाणी लहान भोक पाडलं. आता स्क्रूभोवती लाकूड नाही, इपॉक्सीची भिंत आहे. पट्टी आणि स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे घ्या. पितळ स्वस्त पडतं, पण खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि ते ठिसूळ होतं. साधं लोखंड ओकच्या आम्लाने गंजतं आणि भोवतीचं लाकूड काळं पाडतं.

ही पट्टी जी-फ्लेक्सने चिकटवू नका. 3एमच्या 5200 या कायमचं चिकटणाऱ्या सीलंटनेही नाही. ती झिजण्यासाठीच असते, कधी ना कधी काढावी लागणार. खाली मऊ बेडिंग कंपाउंड, म्हणजे पाणी अडवणारं लुकण, पुरतं. जिथे होडी कायम खाऱ्या पाण्यात राहते तिथे जुने बांधणारे कीलखाली लाकडाचीच एक बदलती पट्टी देतात आणि दोहोंमध्ये डांबरी फेल्ट घालतात. टेरेडो, म्हणजे लाकूड पोखरणारा शिंपल्याच्या कुळातला जीव, त्या पट्टीत शिरला तरी फेल्ट ओलांडून कीलमध्ये जात नाही. पट्टी बदलली की काम झालं. मला ही युक्ती फार आवडते.

आता कुठे वापरू नये ते. कीलवर काचकापड चढवायचं असेल तर 105 च घ्या. 650 त्याहून दाट आहे, कापडात सावकाश मुरतं आणि बुडबुडे धरून ठेवतं. 105 वर 205 किंवा 206 ने आलेला मेणचट थर आधी पाण्याने धुवा, मगच घासा. कुठलंही इपॉक्सी उन्हात उघडं ठेवू नका, वर रंग हवाच. नायट्राइलचे हातमोजे प्रत्येक वेळी घाला. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते.

किंमत जास्त आहे. पण 4-4 औंसांच्या दोन बाटल्यांचा छोटा संच मिळतो, तो आधी घ्या आणि तुमच्याच ओकच्या दोन तुकड्यांवर चिकटवून पाहा. सुकल्यावर छिन्नी घालून जोड फोडा. लाकूड फाटलं आणि जोड शाबूत राहिला, तर कीलसाठी मोठा संच मागवा. उभ्या भेगा भरायला, जिथे ओघळ नको, तिथे आधीच घट्ट केलेलं जी-फ्लेक्स 655 जास्त सोयीचं.